पैसे देऊन बाळंतपण? भुसावळ-जळगाव साईडला कोणी केलंय का, अनुभव सांगा

भरीत_भाकरी (धागाकर्ता), १२ मार्च, रात्री ११:४०

मंडळी नमस्कार. बायकोला आता नववा लागेल, तारीख एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली दिलीय. पहिलं बाळंतपण माहेरी हा आपल्याकडचा रिवाज, पण तिची आई जाऊन चार वर्षं झाली, शिरपूरला सासरे अन् मेहुणा, आणि वहिनीचं स्वतःचंच पोर दीड वर्षाचं. इकडे माझ्या आईचं जानेवारीत गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तिला खाली बसता येत नाही, पाय लांब करून त्यावर बाळ घेऊन न्हाऊ घालणं तर सोडाच. मी रेल्वेत, शिफ्ट ड्युटी.

जळगावच्या एका ब्युरोला फोन केला तर तो म्हणे २४ तासांची बाई देतो, महिन्याचे पैसे आगाऊ. शिक्षण काय विचारलं तर म्हणे ट्रेन्ड आहे. कशात ट्रेन्ड ते काही सांगेना. आई म्हणते भाड्याची बाई आणून बाळंतपण करतात का कुठे, लोक तोंडात शेण घालतील. बायको काहीच म्हणत नाही.

तर कोणाला बोलवायचं, नर्स की मालिशवाली मावशी की दोन्ही, आणि सरकारी काही मिळतं का हे ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. फुकटचे टोमणे नकोत, ते घरात भरपूर आहेत.

कान्हदेशनी_माय, १३ मार्च, सकाळी ६:१५

भाऊ, तुनी माय बरोबर म्हनस, पन तिना गुडघा कोन देखी? माले तीन पोरी, तिन्हीसनं बाळंतपन मीच करं, आते कंबर चालत नई.

मराठीत लिहिते, नाहीतर पुणेवाले भाषांतर मागतील. पहिल्यांदा मावशी शोध. आपल्या गल्लीत, शेजारच्या गल्लीत, गेल्या वर्षभरात कोणाकडे पाळणा हलला ते विचार, त्यांच्याकडे कोण येत होती ते विचार. ब्युरोपेक्षा हे खात्रीचं. मावशी तासाभरात बाळ-बाळंतीण दोघांचं मालिश, न्हाणं, कपडे धुणं करून जाते. डिंक-मेथीचे लाडू आत्ताच करून ठेव, नंतर कोणाला वेळ नसतो. आणि लोकांचं म्हणशील तर माझ्या थोरलीच्या वेळी मी सव्वा महिना सगळं केलं तरी तिच्या सासरचे म्हणाले पोरगी वाळली.

कडक_उन्हाळा, १३ मार्च, दुपारी १:०५

नर्स काय, ब्युरो काय. आमची आजी कापूस वेचता वेचता बाळंत झाली अन् तिसऱ्या दिवशी वावरात हजर. आजकालच्यांची नाटकं.

स्टाफनर्स_खान्देश, १३ मार्च, दुपारी २:३०

आजीला विचारून सांगा, किती झाली अन् किती जगली.

धागाकर्ते, मी नवजात शिशू कक्षात काम करते, म्हणजे तो काचेच्या पेट्यांचा वॉर्ड. तुमची तारीख एप्रिलअखेरची, म्हणजे बाळाचा पहिला महिना भुसावळच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास. दरवर्षी त्या दिवसांत आमच्याकडे अशी बाळं येतात, अंगात ताप, ओठ सुकलेले, वजन घटलेलं. घरचे सांगतात इन्फेक्शन झालं असेल. विचारत गेलं की कळतं, खोली बंद, पंखा बंद, बाळाला टोपडं, स्वेटर, वर दुपटं, का तर बाळंतिणीला वारं लागू नये. आणि दूध नीट पाजलेलं नाही. तपासण्या करतोच, कारण एवढ्या लहान बाळाचा ताप घरी बसून ओळखता येत नाही, पण बऱ्याचदा निघतं हेच.

पंखा लावा, कूलर लावा, फक्त झोत सरळ बाळाच्या अंगावर नको. सुती एक झबलं पुरे. बाळाच्या पोटाला आणि तळपायाला हात लावून बघा, दोन्ही सारखेच कोमट लागले पाहिजेत. पोट गरम आणि पाय गार म्हणजे थंडी वाजतेय, दोन्हीकडे चटका लागतो म्हणजे उकडतंय.

आणि पाणी. आपल्याकडे प्रत्येक आजी चमच्यात पाणी घेऊन उभी असते, घसा सुकतो म्हणते. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. सहा महिने वरचं पाणी नाही, मे महिन्यात पण नाही. घुटी नाही, मध नाही, ग्राइप वॉटर नाही. उकडत असेल तर दूध जास्त वेळा पाजा, आणि पाणी आईला द्या.

वजन पहिल्या आठवड्यात थोडं घटतं, फार तर जन्माच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं, आणि १०-१४ दिवसांत परत भरून येतं. दिवसातून सहापेक्षा कमी वेळा शू, तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा, दूध ओढायचं बंद, यातलं काहीही असेल तर कोवळ्या उन्हात ठेवून बघू म्हणत बसू नका, घेऊन या.

तापीची_लेक, १३ मार्च, रात्री १०:२०

मी केलंय, पैसे देऊन. माझं सिझर होतं, जळगावलाच. ब्युरोची बाई २४ तासांची. स्वच्छ होती, बाळाला बरं घ्यायची, खोटं नाही बोलणार. पण तिसऱ्या रात्री मला संडासला जायचं होतं, टाके ओढत होते, आमच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास, मी तिला म्हटलं जरा हात द्या. ती बसल्या जागेवरून म्हणाली, ताई माझं बाळाचं ठरलंय, बाळंतिणीचं नाही ठरलं. मग मी भिंतीला धरून गेले आणि आत बसून रडले. दुसऱ्या दिवशी ब्युरोला फोन केला तर तेही तेच, दोघांचं हवं असेल तर रेट वेगळा, आणि आगाऊ दिलेले परत मिळणार नाहीत. ते नाहीच मिळाले.

म्हणून ठरवताना कागदावर लिहून घ्या. बाळाचं की बाळंतिणीचं की दोघांचं. रात्री कोण उठणार. तिचा स्वयंपाक कोणी करायचा. सुट्टी कधी. नर्स म्हणून देत असतील तर एएनएम की जीएनएम (नर्सिंगचे दोन वेगळे कोर्स) ते विचारा आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बघा, नसेल तर ती नर्स नाही, मदतनीस आहे. मदतनीस पण चालते हो, फक्त नर्सचे पैसे देऊ नका.

आणि साधी गोष्ट, संडासात ठेवायची कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. सर्जिकलच्या दुकानात भाड्यानेही मिळते. तुमच्या आईच्या गुडघ्यासाठी आणली असेलच म्हणा.

आशाताई_चोपडा, १४ मार्च, दुपारी ४:१०

धागा वाचून राहावलं नाही, मी आशा म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती आहे, चोपडा तालुका. सरकारी काही मिळतं का विचारलंय त्यावर लिहिते, चुकलं तर स्टाफनर्स मॅडमने सांगावं.

बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातो. घरी डिलिव्हरी झाली असेल तर पहिल्या दिवशी पण, म्हणजे सात भेटी. देशभर हे २०११ पासून चालू आहे. आणि याचं मूळ आपल्या महाराष्ट्रातच, गडचिरोलीत डॉ. अभय बंग अन् डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून हे करून दाखवलं, महिन्याच्या आतली बाळं दगावण्याचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं, १९९९ ला ते लॅन्सेट या डॉक्टरांच्या नामांकित मासिकात छापून आलं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात तेव्हा बरं वाटतं, आपल्यासारखीच बाई होती ती.

आम्ही काय करतो तर आधी हात धुतो, आणि पुसत नाही, तसेच वाळू देतो. सासवांना वाटतं ही टॉवेल का घेत नाही. मग काखेत थर्मामीटर, झोळीच्या काट्यावर वजन, नाळ बघायची, तिला तेल-हळद-राख काही लावू द्यायचं नाही, कोरडी ठेवायची. आणि बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजायचे. साठ किंवा जास्त भरले तर परत मोजायचे. परत तेच आले तर बोलत बसायचं नाही.

मागच्या वर्षी सातव्या दिवसाच्या भेटीला गेले, बाळ गुंडाळलेलं, गालावर तीट, घरात बाळंतशेपाची धुरी. मोजले तर अडुसष्ट, परत मोजले तर सत्तर. सासू म्हणे उन्हाने धाप लागली, पोरगं झोपी ऱ्हायनं, झोपू दे. मी १०८ ला फोन केला आणि गाडी येईपर्यंत ओट्यावरच बसून राहिले, उठले असते तर त्यांनी नेलं नसतं. नऊ दिवस पेटीत होतं. आता रांगतंय, मला बघून रडतं, कारण मी इंजेक्शनवाली बाई.

सगळ्या भेटी पूर्ण केल्या, वजन-लसी-जन्मनोंद सगळं झालं की आम्हाला अडीचशे रुपये. एका बाळाचे. ते कधी मिळतात हा वेगळा धागा काढावा लागेल.

तुमच्या रेल्वे कॉलनीत आशा येईल असं मी म्हणणार नाही, शहरात आशा जास्त करून झोपडपट्टी भागाला असतात. पण जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात जाऊन सिस्टरला सांगून ठेवा अमुक तारखेला आमचं बाळ येणार आहे, नाव टाकून ठेवा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण केलं तर जननी शिशु सुरक्षा या सरकारी योजनेमध्ये सिझर, औषधं, रक्त सगळं मोफत, नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण, आणि घरी सोडायला गाडी. आजारी बाळाचा इलाज पण मोफत. मातृवंदना योजनेचे पाच हजार वेगळे, पण बाई स्वतः सरकारी नोकरीत असली की ते बसत नाही, तुमच्या बायकोचं बसतं का ते आधी केंद्रात विचारा, मगच फॉर्मसाठी चकरा मारा.

मोलगीचा_मास्तर, १४ मार्च, रात्री ९:००

तुमची चर्चा वाचतोय. मी नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला शिक्षक आहे. इथे ब्युरो नाही, कमोडची खुर्ची नाही. काही पाड्यांवर गाडी जात नाही, बाळंतीण बांबूच्या झोळीत खाली आणतात, नर्मदेकाठच्या गावांना बोट. त्यामुळे इथे आधीच आणून ठेवण्यावर भर, आरोग्य केंद्राजवळ माहेरघर आहे, तारखेच्या आधी काही दिवस बाई आणि सोबतीला एक नातेवाईक येऊन राहतात. नाव छान आहे पण घरची कामं, पोरं, कोंबड्या सोडून ती दहा दिवस येणार कशी, म्हणून पुष्कळ येतच नाहीत. ज्या दाईने गावातली निम्मी पोरं काढली तिला सोबत घेतलं की बाई येते, हे इथल्या सिस्टरला बरोबर कळलंय. ती दाईला आधी चहा पाजते, मग कामाचं बोलते.

विषयाला धरून आहे का माहीत नाही. सांगावंसं वाटलं.

भरीत_भाकरी, १४ मार्च, रात्री ११:५५

मास्तर, धरूनच आहे. आशाताई, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. ओट्यावर बसून राहिले हे ऐकून ती म्हणाली बाई खमकी आहे. धुरीने काही बिघडतं हे मात्र तिला पटलेलं नाही.

अमळनेर_ते_आइंडहोवन, १५ मार्च, पहाटे ३:३०

मी नेदरलँड्समध्ये, माझी मुलगी आता दोन वर्षांची. भाड्याची बाई आणून बाळंतपण करतात का, तर इथे अख्खा देश करतो! क्राम्झोर्ग म्हणतात. गरोदरपणातच नाव नोंदवायचं, बाळ झालं की ट्रेनिंग घेतलेली बाई साधारण आठ दिवस रोज काही तास घरी येते, बराचसा खर्च आरोग्य विम्यातून आणि तासामागे थोडे युरो आपले.

आमच्याकडे आली ती साठीची होती. यायच्या आधीच निरोप, पलंग ठोकळे लावून उंच करा, तिच्या कमरेला त्रास नको म्हणून नियम आहे. आल्या आल्या बाळाला नाही, मला बघितलं. टाके, ताप, गर्भाशय किती खाली उतरलं ते पोटावर हात ठेवून, मग दूध पाजताना बाळाची मान कशी आहे ते. मग माझा संडास-बाथरूम स्वतः घासलं, मी तर लाजेने अर्धी झाले. नवऱ्याला अंघोळ घालायला शिकवली, स्वतः एकदाच घातली, दुसऱ्या दिवसापासून हाताची घडी घालून बाजूला उभी. पाहुणे आले की घड्याळ बघायची आणि घालवून द्यायची. आमच्या मराठी मंडळींना पण! रोज सगळं एका वहीत लिहायची, प्रसूतीवाली सिस्टर आली की ती वही वाचायची.

गंमत म्हणजे इथे बाळ बघायला येणाऱ्यांना टोस्टवर अ‍ॅनिसच्या, म्हणजे बडीशेपेसारख्या बियांच्या, रंगीत साखरगोळ्या देतात, त्या बियांनी दूध येतं असं यांच्या आज्या मानत. मी तिला आईने पाठवलेल्या बाळंतशेपा दाखवल्या, तिने वास घेतला आणि जोरात हसली.

पण मालिश नाही. अंग असं मोडून आलं होतं आणि कोणी तेलाचा हात लावणारं नाही. आठ दिवसांनी ती गेली आणि संध्याकाळी आम्ही दोघं सोफ्यावर बसून राहिलो, बाळ रडत होतं आणि आम्हाला कळेना आता कोणाला विचारायचं. आपल्याकडची मावशी निदान सव्वा महिना येते.

अनामिका_धुळे, १५ मार्च, दुपारी ३:१५

या आयडीने पहिल्यांदा लिहितेय. माझ्याकडे सगळं होतं. आई, सासू, मावशी, अळीवाची खीर, सगळं. पाचव्या आठवड्यात एक दिवस गॅसवर दूध ठेवलं होतं, ते वर आलं, उतू गेलं, बर्नर विझला, गॅसचा वास सुटला, आणि मी समोर उभी राहून बघत होते. हात उचलला नाही. बाळ आत रडत होतं तेही ऐकू येत होतं, म्हणजे येत होतं पण दुसऱ्याच्या घरातलं वाटत होतं. सासूबाईंनी येऊन बंद केलं. मग दृष्ट काढली, मीठ-मोहरी, मग कोणीतरी सांगितलं तिकडे घेऊन जा, तिकडे नेलं.

सहाव्या आठवड्याच्या लसीला गेलो तिथे एका डॉक्टरबाईने बाळाचं झाल्यावर मला, माझं मन कसं आहे ते बघायला, दहा प्रश्नांचा कागद दिला. शेवटचा प्रश्न वाचून मी कागद उलटा ठेवला. तिने पाहिलं. नवऱ्याला बाहेर बसवलं. पहिले दहा-पंधरा दिवस रडू येणं पुष्कळ जणींना होतं म्हणाली, ते आपोआप जातं, हे ते नाही, याला औषध आहे आणि दूध पाजताना चालणारी औषधं पण आहेत. आठ महिने घेतली. आता मी ठीक आहे.

धागाकर्ते, तुमची बायको काहीच म्हणत नाही असं लिहिलंय, काही असेलच असं नाही, पण विचारत राहा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे, मराठीत बोलतात, तिला नको असेल तर तुम्ही करा.

स्टाफनर्स_खान्देश, १५ मार्च, संध्याकाळी ६:४०

अनामिका, लिहिलंत बरं केलं.

आईचं माझ्या पोस्टमध्ये राहिलंच होतं बघा. पॅड तासाभरात भिजतंय, गाठी पडतायत, घाण वास, थंडी वाजून ताप, एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय, किंवा जोरात डोकं दुखून डोळ्यापुढे अंधारी, यातल्या कशालाही बाळंतिणीला होतंच असं म्हणायचं नाही. शेवटचं तर बीपीचं असू शकतं, डिलिव्हरीनंतर पण वाढतं, झटके येतात.

मावशीलाही दोन गोष्टी पहिल्याच दिवशी सांगा. बाळाच्या नाकाकानात तेल नाही, आणि बाळाची छाती पिळायची नाही. गाठी मोडते म्हणून पिळतात आणि गळू घेऊन आमच्याकडे येतात. सिझर असेल तर टाक्यांवर शेक-मालिश नाही.

तापीची_लेक, १५ मार्च, रात्री ८:०५

केंद्र सरकारी असाल तर १५ दिवसांची पितृत्व रजा आहे तुम्हाला, सहा महिन्यांच्या आत घेता येते. सगळी पहिल्या दिवसापासून उडवू नका, पहिले काही दिवस घर पाहुण्यांनी भरलेलंच असतं. सगळे गेले की घ्या.

कडक_उन्हाळा, १७ मार्च, रात्री १०:३०

आजीला फोन केला होता. अकरा झाली. सहा आहेत.

माहीत नव्हतं.

भरीत_भाकरी, २६ मे, रात्री १२:२०

मंडळी, अपडेट द्यायचं राहिलं. २८ एप्रिलला मुलगी झाली, नॉर्मल, दोन किलो सातशे. ब्युरोचं रद्द केलं. ओळखीतून एक रिटायर्ड सिस्टर मिळाल्या, पहिले दहा दिवस सकाळी तासभर यायच्या, बायकोचं बीपी, टाके, पोरीचं वजन, दूध पाजायचं शिकवणं. मावशी रोज साडेआठला, अजून येतात. चोपड्याहून बायकोची मावससासू, माझी नव्हे तिच्याच माहेरची, गोंधळ झाला, तिची मावशी हो, ती पंधरा दिवस राहिली. मग मी रजा घेतली. आई खुर्चीत बसून लसूण सोलते, लाडू मोजते आणि पाहुण्यांना लवकर घालवते, आइंडहोवनवाल्या ताईंची ती पोस्ट तिला फार आवडली होती. पाण्याच्या चमच्यावरून दोनदा भांडण झालं. चौदाव्या दिवशी वजन दोन किलो आठशे भरलं तेव्हा तिने चमचा ठेवला. रात्री पोरगी उठली की मी बघतो.

भरीत_भाकरी, २६ मे, सकाळी ८:२५

मी त्यांची बायको, त्यांच्याच आयडीवरून लिहितेय. रात्री हे बघत नाहीत. एकदा बघितलं, आणि लंगोट उलटा बांधला.

बाकी, बायको काहीच म्हणत नाही असं वर लिहिलंय. मला कोणी विचारलंच नव्हतं. ब्युरोला फोन केला तो मी आतल्या खोलीतून ऐकला, किती तास, किती पैसे, बाळाला कोण घेणार, सगळं बोलले, मला कोण हवं ते नाही. अनामिकाताईंची पोस्ट वाचून त्या रात्री विचारलं. मी म्हटलं मला माझी मावशी हवी. तिला कोणी विचारेल याची ती वाटच बघत होती, दुसऱ्या दिवशी दराब्याचे लाडू करायला घेतले तिने.

अनामिकाताई, मला एकोणिसाव्या दिवशीपर्यंत रडू यायचं, आता नाही. सिस्टरबाईंनी तो दहा प्रश्नांचा कागद माझ्याकडूनही भरून घेतला.

मालिशवाल्या मावशींचा नंबर पाच जणींनी मागितलाय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, पण त्यांच्याकडे जुलैपर्यंत जागा नाही. बेल वाजली, त्याच आल्या. जाते.